६४ जीबी, म्हणे!

मी एका सहकारी बँकेत काउंटरवर बसतो. ‘ओटीपी कुणाला सांगू नका, लिंक उघडू नका’ हे दिवसातून दहादा तरी माझ्या तोंडून जातं. त्यामुळे पुढचं लिहिताना लाज वाटतेय. पण लिहितो, कारण मी ज्यात फसलो त्यात ओटीपी नव्हता, लिंक नव्हती आणि माझ्या खात्यातून एक रुपयाही ऑनलाइन गेला नाही.

गरज साधी होती. आमचे आप्पा मिरजेत असतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना गाणी ऐकायला यंत्र हवं होतं, पण फोन नको होता. स्मार्टफोन त्यांनी वर्षभर वापरला. मग एकदा ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत’ असा व्हिडिओ कॉल आला. पैसे गेले नाहीत, पण आप्पा दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन कपाटात ठेवला आणि म्हणाले, “मला साधा बटणांचा बरा. आणि गाण्यासाठी दर महिन्याला रिचार्ज कशाला मारायचा रे?” मुद्दा बिनतोड होता. नुसतं वाजणारं यंत्र हवं, ज्यात सिम नाही, ज्याला नंबर नाही, आणि ज्यावर कुणी कॉल करू शकत नाही.

गाणीही साधी नव्हती. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ संगीतसभा होतात. आप्पा ड्यूटी संपवून तिथे टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे. अशा ४१ कॅसेटी, सगळ्या सी-९०, म्हणजे दीड-दीड तासाच्या. मध्येच कुणी खोकतं, कुणी ‘वाह’ म्हणतं, एका ठिकाणी तर शंटिंगच्या इंजिनाची शिट्टी आहे. बाजारात मिळणारं हे गाणं नाही. मी रविवार घालवून घालवून दोन वर्षांत त्या सगळ्या लॅपटॉपवर उतरवल्या. त्यातल्या नऊ उतरवता उतरवताच गेल्या. फीत इतकी कडक झाली होती की एकदा वाजली आणि तुटली, किंवा डेकमध्ये गुंडाळून चुरगळली. तरी त्यांचं गाणं लॅपटॉपमध्ये आलं होतं, म्हणून मी निर्धास्त होतो.

यंत्राचा शोध मी आधी दुकानांतच घेतला. पुण्यात तपकीर गल्लीत एका काउंटरवर ‘सीलपॅक’ आयपॉड टच (ॲपलचं बिनसिमचं, गाणी वाजवणारं यंत्र) दाखवला, साडेसहा हजार. ॲपलने आयपॉड टच मे २०२२ मध्येच बंद केला हे मला माहीत होतं, म्हणून म्हटलं, सील फोडून चालू करून दाखवा. चालू केल्यावर आधीच्या मालकाचा ॲपल आयडी मागणारा पडदा आला. म्हणजे वापरलेला, आणि मूळ मालकाने मोकळा न केलेला. त्याच्या पासवर्डशिवाय ती काच आणि पत्रा, बाकी काही नाही. दुकानदार म्हणाला, “अनलॉक करून देतो की, संध्याकाळी या.” मी हसून निघालो. दुसऱ्या दुकानात चौथ्या पिढीचा, म्हणजे फार जुना होता, तो आयओएस ६ (ॲपलच्या प्रणालीची जुनी आवृत्ती) च्या पुढे जातच नाही. आजची ॲप त्यावर चढत नाहीत. तिथूनही निघालो. येताना बसमध्ये स्वतःवर खूश होतो, आपल्याला कोण फसवणार!

त्याच आठवड्यात रात्री अकराला मोबाइलवर जाहिरात आली. ‘सिम नको, रिचार्ज नको. ६४ जीबी टच म्युझिक प्लेअर. आजी-आजोबांसाठी उत्तम भेट.’ ८,९९९ वर काट, खाली २,७९९. कॅश ऑन डिलिव्हरी. ‘स्टॉक फक्त १७ शिल्लक.’ मी याच गोष्टी सर्च करत होतो, तेव्हा जाहिरात नेमकी मलाच का दिसली हे कळायला हवं होतं. साइटवर पत्ता नव्हता. फक्त एक व्हॉट्सॲप नंबर होता. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी साइटवर द्यावा लागतो, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मनात एवढंच आलं की पैसे वस्तू हातात आल्यावर द्यायचेत, मग धोका कसला? या कॅश ऑन डिलिव्हरीनेच माझा घात केला.

पार्सल पाचव्या दिवशी आलं. कुरिअरवाल्याने आधी पैसे घेतले, मग पार्सल दिलं. खोका उघडायला तो थांबला नाही आणि मीही त्याला थांबवलं नाही. खोक्यावर ‘मल्टिमीडिया’चं इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं होतं. एमआरपी नाही, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही नाही. तो असता तर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता आला असता. यंत्र हातात हलकं लागलं, खेळण्यासारखं. ‘टच’ म्हणजे पडद्याखाली आखलेली चार गोल चित्रं; पडद्याला बोट लावून काही होत नव्हतं. पण वाजत होतं. आवाज बरा होता. मनाची समजूत घातली की आप्पांना बटणंच बरी.

आता खरी गंमत. लॅपटॉपला जोडलं तर मोकळी जागा दाखवली ५९.६ जीबी. मी तर भारावलोच. कारण ६४ जीबीचं काहीही विंडोजला जोडलं की मोजण्याच्या पद्धतीतल्या फरकामुळे ५९.६ च दिसतं. म्हटलं, चला, निदान मेमरी तरी अस्सल आहे. फसवणाऱ्याने दशांश चिन्हापर्यंत गृहपाठ केला होता हे ध्यानातच आलं नाही.

मी कॅसेटी डब्ल्यूएव्ही स्वरूपात (न दाबलेल्या, मोठ्या फायली) ठेवल्या होत्या, आवाज जसाच्या तसा राहावा म्हणून. एकूण ३९ जीबीच्या आसपास. लॅपटॉप गच्च भरला होता, दर दोन मिनिटांनी जागा संपल्याची सूचना यायची. म्हणून मी कॉपी केलं नाही. कट केलं आणि पेस्ट केलं. जेवण झाल्यावर लावलं, झोपायच्या वेळेला संपलं. ‘०१-अ’ पासून ‘४१-ब’ पर्यंत सगळी नावं यंत्रात ओळीने दिसत होती. पहिल्या दोन लावून बघितल्या. झकास. शनिवारी मिरजेला नेऊन आप्पांच्या हातात दिलं.

आप्पा शिस्तीचा माणूस. दुपारी तीनला चहा, चहानंतर कॅसेटची एक बाजू, अनुक्रमाने. पुढचं उघडून बघायचं नाही. आठ दिवस सुरळीत गेले. नवव्या दिवशी ‘०५-अ’ पंधरा मिनिटं वाजली आणि पुढे नुसती शांतता. आकडे पुढे सरकतायत, आवाज नाही. दहाव्या दिवशी ‘०५-ब’ सुरूच होईना. आप्पांना वाटलं आपलंच बटण चुकतंय. मला सांगायला त्यांनी आणखी आठवडा घेतला. “नाव दिसतंय की रे, पण वाजतच नाही. मी काही बिघडवलं नाही हं.” हे ‘मी काही बिघडवलं नाही’ अजून कानात आहे.

यंत्र पुण्याला आणून एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्रॅम चालवला. तो फुकट मिळतो. यंत्र काठोकाठ ओळखीच्या माहितीने भरतो आणि मग लिहिलेलं तेच परत येतं का बघतो. रात्रभर चालला. सकाळी निकाल: ३.७ जीबी ठीक, बाकी सगळं हरवलेलं. म्हणजे आत ४ जीबीची मेमरी होती आणि तिला ‘मी ६४’ असं खोटं बोलायला शिकवलेलं. फायलींची नावं आणि आकार यांची यादी मेमरीच्या सुरुवातीलाच लिहिली जाते, म्हणून नावं सगळी दिसतात. चार जीबीच्या पुढे जे लिहाल ते कुठेच लिहिलं जात नाही, आणि यंत्र तरीही ‘झालं’ म्हणतं. पासबुकात सगळ्या नोंदी आणि तिजोरीत काहीच नाही, तसंच.

मागचे दोन स्क्रू काढले. आत नखाएवढं एक मेमरी कार्ड, त्यावर कंपनीचं नाव नाही, गरम गोंदाच्या ढेकळात रुतवलेलं. बाजूला बिस्किटाच्या तुकड्याएवढी बॅटरी. यंत्र आतून अर्धं रिकामं.

आणि एक चीड आणणारा हिशोब. याच कॅसेटी मी एमपी३ करून, म्हणजे फायली दाबून लहान करून, भरल्या असत्या तर सगळ्या मिळून साडेतीन जीबीत बसल्या असत्या. मग सगळं वाजलं असतं आणि आपण फसलो हे मला जन्मात कळलं नसतं. अशी यंत्रं किती घरांत सुखाने वाजत असतील!

लॅपटॉपमधून काही परत मिळतं का म्हणून सांगलीत डेटा काढून देणाऱ्याकडे गेलो. त्याने डिस्कचा प्रकार विचारला आणि मान हलवली. एसएसडीवर (आत काही न फिरणारी, चिपची डिस्क) फाइल काढून टाकली की ती जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर काहीतरी हाती लागलं असतं.

तक्रारीचं थोडक्यात. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, निळ्या टिका आल्या आणि मग मला ब्लॉक केलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला फोन केला. बाई नीट बोलल्या, तक्रार क्रमांकही दिला, पण त्यांनी विचारलं विक्रेत्याचं नाव काय, पत्ता काय. पार्सलवर परतीचा पत्ता कुरिअरच्या गोदामाचा होता. १९३० वर सायबरची तक्रार करावी म्हटलं तर तिथला सगळा जोर पैसा ज्या खात्यात गेला ते खातं गोठवण्यावर असतो, आणि मी तर रोख दिले होते. व्यवहार क्रमांकच नाही. कॅश ऑन डिलिव्हरीत सुरक्षित मी नव्हतो, तो होता.

एक गोष्ट मात्र उशिरा कळली, ती सांगून ठेवतो. कुरिअरवाले रोख रक्कम विक्रेत्याला त्याच दिवशी देत नाहीत, काही दिवस ती त्यांच्याकडेच असते. वस्तू आल्या दिवशीच तपासली आणि कुरिअर कंपनीला लेखी कळवलं तर ते पैसे अडवून धरायला सांगता येतं. मी कळवलं तेव्हा तीन आठवडे झाले होते. “सर, पेमेंट रिलीज झालंय,” एवढंच उत्तर आलं.

आता आप्पांकडे एक साधा बटणांचा फोन आहे, बाराशेचा, चौकातल्या दुकानातून पक्कं बिल घेऊन आणलेला. त्यात सिम घातलेलंच नाही. ३२ जीबीचं कार्ड आहे, ते आधी रात्रभर तपासलं आणि मगच भरलं. मोठी बटणं, मोठा आवाज, बॅटरी आठवडाभर. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मुलगा म्हणतही होता, मी ऐकलं नाही.

पहिल्या चार कॅसेटी त्या भिकार यंत्रातून सहीसलामत परत घेतल्या. तुटलेल्या नऊ पाचव्याच्या पुढच्या, त्या गेल्या. उरलेल्या २८ पुन्हा उतरवतोय, या वेळी दोन वेगवेगळ्या डिस्कवर. आप्पांना नऊचं सांगितलं तेव्हा त्यांनी वही काढली, प्रत्येक कॅसेटसमोर काय काय आहे ते त्यांनी लिहून ठेवलंय. त्या नऊ ओळींवर बोट फिरवलं आणि म्हणाले, “बावीसमध्ये शिट्टी आहे इंजिनाची. ती आहे का?” आहे. बावीस उतरवून झाली.

एकोणीस झाल्यात, नऊ राहिल्यात. पण गेल्या रविवारी डेकचा रबरी पट्टा सुटला, ताणून लावला तर गाणं रेंगाळतंय. पुण्यात किंवा कोल्हापूर-सांगलीकडे असे पट्टे कुणाकडे मिळतात हे कुणाला ठाऊक असेल तर सांगा. दुकानाचा पत्ता सांगा, मी स्वतः जाऊन, बघून घेईन.