जुन्या स्पोर्ट्स कारसाठी 'पॉवर पॅकेज' घेणार असाल तर आधी हे वाचा

माझ्याकडे १९९१ ची माझदा एमएक्स-५ आहे, पहिल्या पिढीतली, १.६ लिटरवाली. गेल्या वर्षी तिच्यावर मी 'स्टेज टू' नावाचं पॅकेज करून घेतलं आणि त्यात मला पद्धतशीर फसवलं. राग अजून गेलेला नाही, पण लिहितोय ते यासाठी की हेच पॅकेज, हीच भाषा वापरून बाकीच्यांनाही विकलं जातंय, आणि यातलं बरंचसं मला गाडी ताब्यात घेतानाच पकडता आलं असतं, फक्त बघायचं काय हेच माहीत नव्हतं.

पॅकेजमध्ये होतं ओपन कोन फिल्टर (डब्याशिवायचा, उघडा हवेचा फिल्टर), एक्झॉस्टचा हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप) आणि मागचा सायलेन्सर, हलकं फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचच्या मधलं जड चाक), 'परफॉर्मन्स चिप', आणि वर चार ग्रिपवाले टायर. गॅरेजवाला बोलायला एकदम गोड. "सर, तीस हॉर्सपॉवर नक्की. आधी डायनो काढू, काम झालं की परत डायनो, कागदावर दाखवतो ना." डायनो म्हणजे गाडी रोलरवर पळवून चाकांवरची पॉवर मोजणारं यंत्र, ही पॉवर इंजिनवरच्यापेक्षा थोडी कमी भरते. कागदावर म्हटल्यावर माझा विश्वास बसला. पैसे किती गेले ते सांगत नाही, पण गाडी घेताना जे मोजले होते त्याचा जवळजवळ पाव हिस्सा यात गेला.

गाडी मिळाली तेव्हा खरंच बरी वाटली. आवाज मोठा, पिकअप जरा चांगला, हातात दोन डायनो शीट, आधीची ९१ आणि नंतरची १००. मी म्हटलं हे तर नऊच वाढले, बाकीचे कुठायत, तर म्हणाला सर हे चाकावरचे आहेत, इंजिनवर ३०% जास्त धरा, १३० झाले. मी गप्प बसलो. ३०% धरायचे तर आधीच्या ९१ चे पण ११८ होतात आणि कंपनीने ही गाडी साधारण ११५ च्याच आकड्याने विकली होती, हा हिशोब तेव्हा डोक्यातच आला नाही.

दीड महिन्यात अ‍ॅव्हरेज पडलं, प्लग काढून बघितले तर काजळीने काळे, आणि चढावर चौथ्या गिअरमध्ये जोर दिला की इंजिनातून खडखड, म्हणजे डबीत खडे टाकून हलवल्यासारखी. ओळखीतले एक मेकॅनिक आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा टायमिंग लाइट लावला, म्हणजे पिस्टन वर पोहोचायच्या किती आधी प्लगची ठिणगी पडते ते दाखवणारा दिवा. या इंजिनचं बेस टायमिंग कंपनीकडून १० डिग्री असतं. माझं निघालं १८.

काका म्हणाले, "तुला जो पिकअप जाणवला ना, तो हाच. मागचा एक बोल्ट सैल केला, सेन्सर थोडा फिरवला, झालं. याला काय पार्ट लागतो का?"

या गाड्यांचे कितीतरी मालक चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल टाकून टायमिंग १४ वर ठेवतात, फरक जाणवतो आणि खर्च काहीच नाही. पण १८ म्हणजे अति झालं, आणि या इंजिनला नॉक सेन्सर (ही खडखड ओळखणारा) नाही, त्यामुळे खडखड सुरू झाली तरी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःहून टायमिंग मागे घेत नाही, असंच चालवत राहिलं की पिस्टनवर बेततं. म्हणजे मला जे वाढल्यासारखं वाटलं ते मुळात फुकटचं काम होतं, तेही इंजिनच्या जिवावर उठेल असं केलेलं.

मग चिप. एअर फ्लो मीटरच्या (इंजिनात येणारी हवा मोजणाऱ्या भागाच्या) वायरिंगमध्ये मधेच जोडलेली काळी डबी होती, वर चकचकीत स्टिकर. काकांनी ब्लेडने कापली. आत एक रेझिस्टर, दोन वायरी आणि बाकी सगळा गोंद. मी तो रेझिस्टर तळहातावर घेऊन बघत बसलो, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा असेल. त्याचं काम एकच, आत येणारी हवा आहे त्यापेक्षा थंड आहे असं ईसीयूला भासवायचं. थंड हवा दाट असते म्हणून ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो. त्याने पॉवर वाढत नाही, मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, प्लग काळे त्यामुळेच. या काळातल्या गाड्यांत हल्लीसारखं केबल जोडून रीमॅप (ईसीयूच्या आतली सेटिंग बदलणं) होत नाही, ती केबल जिथे लागते ते ओबीडी-२ अमेरिकेत सक्तीचं झालं तेच १९९६ मध्ये. खरं ट्यूनिंग करायचं तर वेगळा ईसीयू बसवून, वाइडबँड सेन्सर (धुरावरून मिक्श्चर मोजणारा) लावून, तास न् तास बसून करावं लागतं. अर्ध्या तासात 'चिप बसवली' असं कोणी म्हणालं तर ती डबी उघडून दाखवायला सांगा, लाजू नका.

ओपन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढत होता, त्याला आडोसा नाही की बाहेरून हवा आणणारा पाइप नाही. हेडर आणि सायलेन्सर खरे होते, एवढं कबूल करतो, पण टर्बो नसलेल्या १.६ मध्ये त्याने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच हॉर्सपॉवर मिळतात.

सगळ्यात जास्त मनाला लागलं ते फ्लायव्हीलचं. क्लच घसरायला लागला म्हणून काकांनी गिअरबॉक्स उतरवला आणि मला खाली बोलावून टॉर्च मारला. कंपनीचंच फ्लायव्हील. बोल्टच्या डोक्यांवर जुना गंज तसाच, पाना लागल्याची एक खूण नाही. म्हणजे गिअरबॉक्स उतरवलाच नव्हता, आणि बिलात फ्लायव्हीलसुद्धा होतं आणि गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पण. हे आतलं काम असल्यामुळे मी कधी बघणारच नाही हे त्याला माहीत होतं. आतलं काही बदललं तर जुना पार्ट परत मागा आणि गाडी उघडी असताना तारखेसकट फोटो मागा, आणि हे काम देण्याआधीच सांगून ठेवा, नंतर मागितलं की 'भंगारात गेलं' हे उत्तर ठरलेलं असतं.

टायरचं पण तेच. टायरच्या बाजूला डीओटी कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३१५ असेल तर २०१५ चा तेविसावा आठवडा. हा पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच अंगाला असतो. माझ्या चारही टायरांचा कोड आतल्या बाजूला होता, गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय दिसणारच नाही असा. टायर बसवले तेव्हाच सात वर्षं जुने होते. नक्षी पूर्ण होती पण रबर कडक, ओल्या रस्त्यावर मागचं टोक एकदा सुटलं होतं तेव्हा मी स्वतःलाच दोष दिला होता. पैशापेक्षा याचाच जास्त राग आहे.

आता डायनो शीट. काकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. पहिल्यावर 'एसएई', दुसऱ्यावर 'एसटीडी'. हवेचं तापमान आणि दाब रोज वेगळा म्हणून मोजलेला आकडा एका ठरलेल्या हवेवर आणून लिहितात, याला करेक्शन म्हणतात, आणि एसएई व एसटीडी ही त्याची दोन वेगळी मापं. एसएईची ठरलेली हवा २५ अंशाची, एसटीडीची साधारण साडेपंधरा अंशाची आणि जास्त दाबाची, त्यामुळे त्याच गाडीचा तोच रन एसटीडीत सुमारे ४% जास्त दिसतो. माझे १०० म्हणजे एसएईत ९६. उरलेल्या पाचातले बरेचसे त्या टायमिंगचे. दोन्ही शीटवर करेक्शन एकच आहे का, गिअर तोच आहे का, हे बघा. आणि कोणी मोबाइलवर ग्राफ पाठवला तर अजून एक गोष्ट तपासा, हॉर्सपॉवर आणि पाउंड-फुटातला टॉर्क एकाच स्केलवर काढलेले असतील तर दोन्ही रेषा ५२५२ आरपीएमलाच एकमेकींना छेदतात, कारण हॉर्सपॉवर काढायचं सूत्रच टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२ असं आहे. दुसरीकडे छेदत असतील तर तो ग्राफ खोटा.

एवढं सगळं करताना त्या गॅरेजमध्ये माझ्या रेडिएटरकडे कोणी बघितलं नव्हतं. त्याची वरची प्लॅस्टिकची टाकी मूळची काळी, माझी तपकिरी पडली होती, म्हणजे आता कधीही तडकेल. काकांनी आधी तो बदलला, मग टायमिंग बेल्ट, सगळ्या होसेस, ब्रेक ऑइल, सस्पेन्शनचे चिरलेले बुश, चार शॉक. मग नवे टायर, १९५/५० आर १५, तारीख मी स्वतः वाचून घेतलेले, आणि शेवटी नीट अलाइनमेंट. टायमिंग १४ वर. पुढच्या ब्रेकला नंतरच्या १.८ मॉडेलच्या २५५ मिमीच्या डिस्क लावल्या, माझ्या मूळच्या २३५ च्या होत्या. पॉवर म्हणाल तर होती तेवढीच, पण पहिल्याच वळणाला स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी लगेच, सरळ, हातात असल्यासारखी वळली, मी पुढे जाऊन थांबलो आणि परत येऊन तेच वळण घेतलं. आधी हे सगळं आणि पैसे उरले तरच पॉवर, हा क्रम मला कोणीतरी आधी सांगायला हवा होता.

गॅरेजवाल्याला मी फ्लायव्हीलचे फोटो आणि दोन्ही शीट दाखवल्या. आधी म्हणाला पोराकडून चुकून राहिलं असेल, मग आवाज चढवला, मी बिल पुढे ठेवून तक्रार लेखी करतो म्हटल्यावर फ्लायव्हीलचे आणि त्या मजुरीचे पैसे परत दिले. टायरचे नाही दिले, 'वापरलेत तुम्ही' म्हणाला. चिपबद्दल विचारलं तर म्हणाला डबी तुम्ही फोडलीत, वॉरंटी गेली. रेझिस्टर, दोन्ही शीट आणि बिल माझ्याकडे आहे, आणि टायर व चिपची लेखी तक्रार मी केलेली आहे.