झोपायच्या खोलीला दार हवंच: दोन लहान मुलांसह शहरांत राहिल्यावर

लहान मुलांना घेऊन शहर बघायला निघालात, तर राहायची जागा निवडताना ठिकाण, रेटिंग, नाश्ता हे सगळं नंतर. आधी बघा की मुलं जिथे झोपणार, त्या खोलीला पूर्ण बंद होणारं दार आहे का. हॉटेलची एक खोली, हॉटेलच्या दोन खोल्या, स्टुडिओ म्हणजे झोपणं-बसणं सगळं एकाच खोलीत असलेली जागा, एका बेडरूमचं अपार्टमेंट, माळ्यावर पलंग टाकलेली जागा, असं सगळं गेल्या काही महिन्यांत राहून झालं आहे. थोरली तीन वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. लिहायला बसायचं कारण म्हणजे मागच्या ट्रिपमधलं भांडण. ते पुढे येतंच.

दारावर एवढा जोर का, ते हिशेबानेच सांगते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१६ च्या शिफारशीप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप हवी, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास, दुपारची झोप धरून. म्हणजे चोवीस तासांचे पैसे भरले, तर त्यातला जवळजवळ अर्धा वेळ त्या जागेत कोणीतरी झोपलेलं असतं. दोन मुलं असतील तर त्याहूनही जास्त, कारण दुपारी दोघं एका वेळी झोपतीलच असं नाही. एकच खोली असली की संध्याकाळी दिवा मालवल्यावर मोठ्यांनीही अंधारात बसायचं. उद्याचं ठरवायचं नाही, बॅग आवरायची नाही, पाणी ओतून घ्यायचं तरी जपून. हॉटेलच्या एका खोलीत राहिलो तेव्हा मी आणि नवरा रोज रात्री बाथरूममध्ये बसून कुजबुजत होतो. तेही अंधारातच, कारण बाथरूमचा दिवा लावला की एक्झॉस्ट पंखा आपोआप सुरू व्हायचा.

फोनच्या मंद उजेडात बसलं तर चालेल, असं वाटतं. मुलांच्या बाबतीत ते चालत नाही. लहान मुलांच्या डोळ्यांची बाहुली मोठी असते आणि भिंग जास्त स्वच्छ असतं, त्यामुळे मोठ्यांपेक्षा जास्त प्रकाश आत जातो आणि झोपेच्या आधीचा थोडा उजेडही मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, खाली आणतो. आवाजाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात झोपायच्या खोलीसाठी सलग आवाजाची मर्यादा ३० डेसिबल दिली आहे. आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. आतून पोकळ असलेलं हलकं दारही त्यातले १५-२० डेसिबल अडवतं. पडदा जवळजवळ काहीच अडवत नाही.

आता भांडण. जागा बुक करायच्या ॲपवर वर्णनात 'एक बेडरूम, एक हॉल' असं स्पष्ट होतं. फोटोंत पलंग वेगळा, सोफा वेगळा. पोहोचलो तर एकच लांब खोली, पलंग भिंतीतल्या कोनाड्यात, पुढे पडदा. मालकांना मेसेज केला, तर उत्तर आलं की आमचे सगळे पाहुणे यालाच बेडरूम म्हणतात. ॲपच्या मदत केंद्राने आधी सांगितलं की खोल्यांची संख्या मालक भरतात, आम्ही तपासत नाही. मग मी पलंगापासून सोफ्यापर्यंत चालत एक सलग व्हिडिओ काढला, मध्ये कुठेही दार नाही हे दिसेल असा, आणि वर्णनाच्या स्क्रीनशॉटसोबत पाठवला. साफसफाईचे पैसे परत देतो म्हणाले. मी नाही म्हटलं. पैसे बेडरूमचे भरले होते, जागा स्टुडिओची मिळाली होती, त्यातला फरक मला हवा होता. दोन दिवस मागे लागल्यावर एका रात्रीचं भाडं परत मिळालं. पूर्ण फरक नाहीच. पण तेवढं तरी मिळालं ते पोहोचल्याच दिवशी तक्रार केली म्हणून, आणि सगळं बोलणं ॲपच्या आतच झालं म्हणून. फोनवर बोलणं झालं असतं तर दाखवायला हातात काही नसतं. बहुतेक ठिकाणी तक्रारीला मुदत असते, तेव्हा घरी परतल्यावर लिहू म्हणून थांबू नका.

तेव्हापासून बुकिंगच्या आधी एकच मेसेज जातो: 'बेडरूम आणि हॉल यांच्यामध्ये पूर्ण बंद होणारं दार आहे का? त्या दाराचा फोटो पाठवाल का?' दार असलेला मालक लगेच फोटो पाठवतो. 'काळजी करू नका, मुलांसाठी एकदम छान जागा आहे' असं उत्तर आलं तर मी पुढची जागा बघते.

दार आहे म्हटल्यावरही बघायच्या गोष्टी आहेत. बाथरूम एकच असेल आणि ते बेडरूममधून जात असेल, तर दार असून अर्धंच कामाचं. रात्री दहाला तोंड धुवायला झोपलेल्या मुलांच्या पलंगाजवळून जायचं आणि फ्लशचा आवाज तिथेच. बाथरूमला हॉलमधून किंवा बोळातून जाता आलं पाहिजे. घराचं मुख्य दारही हॉलमध्ये उघडणारं हवं. सरकतं दार बऱ्याचदा खाली-वर फटी सोडतं आणि दीड वर्षाचं मूल ते सहज ढकलतं. धुरकट काचेचं दार आवाज थोडा अडवतं, उजेड अजिबात नाही. माळ्यावर पलंग असलेल्या जागा फोटोत फार मोहक दिसतात. त्या मी यादीतूनच काढल्या आहेत. वरचं सगळं उघडं, हॉलमधला आवाज थेट वर, आणि त्यात उभा जिना. आणि दार आहे म्हणून बेडरूममध्ये मुलांची कॉट मावेलच असं नाही. घडीच्या कॉटची गादी बहुधा १२० बाय ६० सेंटीमीटरची असते, चौकट धरून जागा त्याहून जास्त लागते. डबलबेडच्या तिन्ही बाजूंना जेमतेम उभं राहण्याइतकी जागा असेल, तर दार उघडताना कॉटवर आपटतं.

आमची आताची पद्धत अशी: मुलं बेडरूममध्ये, आम्ही हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर. आधी उलटं होतं. मुलांना झोपवून आम्ही बाहेर बसायचो आणि उशिरा हळूच आत जाऊन झोपायचो. धाकटा रात्री उठायचा तोवर तेच सोयीचं होतं. आता तो सलग झोपतो, तर सोफ्यावर झोपलेलं बरं, कारण पहाटे आमच्या हालचालीने कोणी उठत नाही. त्यामुळे सोफा खरंच उघडतो का, उघडल्यावर किती रुंद होतो, हेही विचारून ठेवते.

ठिकाणाबद्दलचं माझं मत मध्यंतरी पार बदललं. धाकटा वर्षाचा असताना मी शहराच्या मध्यभागाचं जास्तीचं भाडं आनंदाने देत होते, कारण दुपारी झोपायला परत यायचं तर पायी दहा मिनिटांच्या आतच यायला हवं. त्याच्यापुरतं ते पैसे वसूल करणारं होतं. आता थोरलीने दुपारची झोप सोडली आहे आणि धाकटा बाबागाडीत झोपतो. मग मध्यभाग कशाला? थेट बस किंवा ट्राम असलेली, थोडी बाहेरची जागा तेवढ्याच पैशांत दार असलेली बेडरूम देते. मुलांना खेळायची बाग पायी अंतरावर असली की झालं. बागेचं अंतर मी नकाशावर मोजते, संग्रहालयांचं नाही. संध्याकाळी पाच ते सात या वेळात बाग जवळ नसेल तर ती दोन तासांची झटापट कुठल्याही सुंदर चौकात सुटत नाही.

लिफ्ट आहे एवढं वाचून थांबू नका. जुन्या इमारतींत नंतर बसवलेल्या लिफ्ट इतक्या अरुंद असतात की साधी बाबागाडीही घडी करूनच आत जाते. म्हणजे एका हातात झोपलेलं मूल, दुसऱ्या हातात गाडी, आणि तीन वर्षांची मुलगी बटणं दाबतेय. दोन मुलांची शेजारी-शेजारी बसायची गाडी असेल, तर लिफ्टच्या दाराची रुंदी सेंटीमीटरमध्ये विचारा. आणि इमारतीच्या दारापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या आहेत का, हा वेगळा प्रश्न आहे. तो कोणी आपणहून सांगत नाही.

स्वयंपाकघराला मी सुरुवातीला दहापैकी दहा दिले असते. दूध कोमट करायचं, बाटल्या धुवायच्या, मऊ काहीतरी शिजवायचं, हे सगळं तिथेच होत होतं. आता धाकटा आमच्याच ताटातलं खातो आणि शेगडी अनेक दिवस पेटतही नाही. फ्रीज आणि पाणी उकळायची किटली एवढ्यावर भागतं, आणि त्या हॉटेलातही असतात. स्वयंपाकघरावरून वर्णन गाजवणाऱ्या जागांना म्हणून मी आता जास्तीचे पैसे देत नाही. वॉशिंग मशीनला देते. दोन मुलांचे दिवसाचे कपडे, त्यात एखादं अंथरूण ओलं झालं की ते, हे हाताने धुवून बाथरूममध्ये वाळत घालणं म्हणजे सुट्टी धुण्यात घालवणं. मशीनमुळे बॅगा अर्ध्या होतात, आणि बॅगा अर्ध्या झाल्या की टॅक्सीऐवजी बस चालते. माझ्यासारख्या जपून खर्च करणाऱ्या माणसाला ही बचत भाड्याइतकीच मोठी वाटते.

हॉटेलची कॉट फुकट मिळते की पैसे पडतात, ते बुकिंग करतानाच लिहून घ्या. 'विनंतीनुसार उपलब्ध' म्हणजे मिळेलच असं नाही. मिळाली तर आधी तपासा: तळ घट्ट आणि सपाट आहे ना, बाजू नीट अडकतात ना. वरून जास्तीची गादी, उशी, जाड दुलई टाकून देतात, ती सगळी मी काढून ठेवते. कॉटच्या स्वतःच्या गादीवर फक्त घट्ट बसणारी चादर. घडीच्या बऱ्याच कॉटना साधारण १५ किलोची मर्यादा असते, पण वजनाच्या आधी चढणं येतं. धाकट्याने कठड्यावर पाय टाकला त्या दिवसापासून कॉट बंद. आता जमिनीवर गादी.

सुरक्षेसाठी पोहोचल्यावर सामान उघडायच्या आधी दहा मिनिटं जमिनीवर बसून फिरते. टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण सैल असेल आणि आत बटण-सेल (नाण्यासारखी छोटी, चपटी बॅटरी) असेल, तर रिमोट वर, हाताला लागणार नाही असा. बटण-सेल गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या वर बांधायच्या. गॅलरीच्या गजांमधलं अंतर १० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा गॅलरीत खुर्ची ठेवलेली असेल, तर गॅलरीचं दार पूर्ण मुक्कामभर बंद. नळाचं गरम पाणी हात घालून बघायचंच: ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, ४९ अंशांना गंभीर भाजायला काही मिनिटं लागतात, म्हणून घरगुती गीझर ४९ च्या वर ठेवू नये असं सांगतात. अनोळखी ठिकाणी तो कितीवर आहे ते आपल्या हातात नसतं. मी आधी गार पाणी भरते, मग गरम, आणि मूल नळाच्या विरुद्ध टोकाला.

पैशांचं. अपार्टमेंटचा रात्रीचा दर बघून निर्णय घेऊ नका. साफसफाईचे पैसे एकदाच लागतात, एक रात्र राहा किंवा सहा. दोन रात्रींसाठी अपार्टमेंट बऱ्याचदा हॉटेलपेक्षा महाग पडतं. चार रात्रींपासून पुढे आमचं गणित अपार्टमेंटच्या बाजूने झुकलं. शेवटच्या पानावरची एकूण रक्कम भागिले रात्री, एवढंच बघायचं. हॉटेलच्या दोन खोल्या घ्यायच्या झाल्या तर आतून दार असलेल्या कनेक्टिंग खोल्याच घ्या, आणि त्या नक्की मिळतील असं हॉटेलकडून लेखी मागवा. नुसत्या शेजारच्या खोल्या मिळाल्या, तर रात्रभर एक आई इकडे आणि एक बाबा तिकडे, आणि भाडं दुप्पट.

एका रात्रीपुरतं थांबायचं असेल तर मी अजूनही हॉटेलची एकच खोली घेते. रिसेप्शन बहुधा रात्रभर उघडं असतं, उशिरा पोहोचलं तरी किल्लीची काळजी नाही, साफसफाईचे वेगळे पैसे नाहीत. फक्त फोन करून लिफ्टपासून लांबची आणि थोडी लांबट खोली मागते, म्हणजे आत शिरताना बाथरूमच्या बाजूला जो छोटा बोळ असतो, तिथे मुलांची गादी बसते. बाहेरचा दिवा दाराखालून येत असेल तर टॉवेल गुंडाळून फटीला लावायचा, पांढऱ्या आवाजाचं (व्हाइट नॉइज, म्हणजे इतर आवाज झाकणारा एकसुरी सळसळता आवाज) ॲप मुलांपासून दोन मीटर लांब आणि बारीक आवाजात ठेवायचं, आणि खोलीचं जड, आपोआप लागणारं दार बंद होताना छोटी बोटं बिजागरीत नाहीत ना, ते प्रत्येक वेळी बघायचं.