गरिबाच्या घराला पैसे द्यायचेत: आपण बांधायचं, संस्थेला द्यायचं की अडकलेलं घरकुल पुरं करायचं?

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या भिशीत यंदा ठरलं की महाबळेश्वर कॅन्सल, दोन लाखापर्यंत जमतील ते पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या कुटुंबाच्या घराला द्यायचे. ठरायला पाच मिनिटं लागली, कसे द्यायचे यावर मात्र तीन रविवार गेले. निम्म्या म्हणतात आपणच बांधून देऊ, निम्म्या म्हणतात मोठ्या संस्थेला चेक द्या आणि मोकळ्या व्हा, माझं तिसरंच काहीतरी. तुमच्याकडेही असा घोळ चालू असेल तर वाचा.

आपण बांधायचं प्रकरण मी एकदा करून बसलेय. काही वर्षांपूर्वी घरातले आणि नणंदेकडचे पैसे काढून आमच्या कामाच्या मावशींच्या भावाला गावी घर बांधून दिलं, वर पत्रा टाकला, हौसेने पूजाही घातली. पहिल्याच पावसाळ्यात कळलं की तिकडचा पाऊस म्हणजे आपल्या सिडकोतला नाही, पत्र्यावर असा धडाडतो की आत बोललेलं ऐकू येत नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी सगळे उठून जुन्या कुडाच्या घरात झोपायला जायचे. कारवीचा कूड, त्याला शेणमाती, वर कौलं, गार राहतं ते. आम्ही कोणी विचारलंच नव्हतं हो त्यांना! त्यात जागा निघाली चुलत्याच्या नावावर. पैसा डोळ्यासमोर खर्च होतो हे खरं, पण आज तीनशे फुटाला गवंड्याने आम्हाला साडेचार लाख सांगितले, आणि दर आठवड्याला घाट उतरून बघायला कोण जाणार? या पर्यायावर माझी फुली.

संस्थेचं बरोब्बर उलट, डोक्याला ताप नाही. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी हे यातलं मोठं नाव, अमेरिकेत १९७६ ला सुरू झाली, भारतात १९८३ पासून. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ १०० घरांचं काम काढलं तेव्हा अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः राबायला आले होते (ब्रॅड पिटही आला होता, आमच्या ग्रुपला तेवढंच लक्षात राहिलं). घर आयतं हातात द्यायचं नाही, कुटुंबानेही कामाला हात लावायचा, ही त्यांची मूळ पद्धत मला पटते. पण तुमचे दोन लाख मोठ्या कढईत पडतात, घर नाशिक जिल्ह्यातच होईल असं नाही. देणगीवर टॅक्सची सूट मिळवून देणारी ८०जी ची पावती जुन्या टॅक्स रिजीमवाल्यांनाच कामाची, आणि २,००० च्या वर कॅश दिली तर त्यांनाही नाही. छोट्या लोकल संस्थेला देणार असाल तर धर्मादाय आयुक्तांकडचं रजिस्ट्रेशन आणि ऑडिट रिपोर्ट मागा, लाजू नका.

आता माझं मत जिथे आहे ते: सरकारी घरकुल योजनेत मंजूर होऊन अर्ध्यात अडकलेलं घर पुरं करायचं. प्रधानमंत्री आवास ग्रामीण, २०१६ पासून, त्याआधी इंदिरा आवास होती. अनुदान सपाटीला १.२० लाख, डोंगराळ भागात १.३० लाख, शिवाय रोहयोतून ९०-९५ दिवसांची मजुरी, शौचालयाचे १२,००० वेगळे. केंद्राचा आकडा इतक्या वर्षांत हलला नाही, राज्याने २०२५ ला ५०,००० पर्यंतची भर घातली. पैसे टप्प्याटप्प्याने, फोटो अपलोड झाला की पुढचा हप्ता. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २७० फूट. आणि इथेच घोटाळा होतो, कारण आयुष्यात एकदाच बांधायचंय म्हणून माणूस जोतं घालतो चारशे फुटाचं, आणि पैसे मध्येच संपतात.

पेठच्या बाजूला असंच एक बघून आलो. भिंती लिंटेलपर्यंत, वर निळी ताडपत्री, आत एका कोपऱ्यात सिमेंटच्या सात गोण्या पावसात भिजून दगड झालेल्या, आणि त्यावर त्या घरातली मुलगी बसून गृहपाठ करत होती. जागा नावावर, नाव यादीत, अडलंय ते स्लॅब, दार-खिडक्या आणि कोब्यापाशी. गवंड्याने हिशेब केला, एक लाख सत्तर हजार. म्हणजे ज्या पैशात आमचं अर्धंही घर झालं नसतं त्यात हे अख्खं पुरं होतं!

अर्थात ज्यांच्या नावावर जागाच नाही, इगतपुरी-त्र्यंबककडची कित्येक कातकरी कुटुंबं, त्यांना हा रस्ता उपयोगाचा नाही. तिथे कागदांसाठी वर्षभर चकरा मारणारी संस्थाच हवी, आपल्या भिशीचं ते काम नाही.

आणि हो, कॅश देऊ नका. आम्ही स्टील-सिमेंटवाल्याला थेट पैसे देतोय, मजुरी गवंड्याला टप्प्याने. दिवाळी झाली की लगेच काम धरायचं, कारण जानेवारीत द्राक्षाची काढणी लागली की तो सगळा पाडा दिंडोरी-निफाडला मजुरीला जातो, आणि मग विटा उचलायलासुद्धा माणूस सापडत नाही.