शिट्टी नसलेला कुकर

जपानला शिकायला निघालेल्या आपल्याकडच्या पोरांच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेला एक प्रेशर कुकर हटकून असतो. तो घरीच ठेवा. तिकडं पोचलात की जुन्या वस्तूंच्या दुकानात जा (त्याला तिथं रिसायकल शॉप म्हणतात) आणि तीन गोचा साधा विजेचा राइस कुकर घ्या. टोकियोला लागून असलेल्या साइतामात शिकत होते तोवर माझं सगळं जेवण त्याच्यावरच चाललं. मला तो ३,००० येनच्या आत मिळाला. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतले सगळे एकाच वळणाचे असतात.

गो म्हणजे तिकडचं तांदळाचं माप, १८० मिली, वजनात साधारण १५० ग्रॅम. कुकरबरोबर येणारा पेला तेवढाच असतो. जपानी हिशेबानं एक गो म्हणजे दोन वाडगे भात, बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरच्या हिशेबानं एका माणसाचं एक जेवण. एकट्याला तीन गो पुरतो.

प्रेशर कुकर का नको, ते सांगते. विद्यार्थ्यांच्या खोलीत बहुतेक एकच शेगडी असते, आणि ती इंडक्शनची निघाली तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. गॅस असला तरी लाकडी दुमजली घरांच्या भिंती इतक्या पातळ की शेजाऱ्याची शिंक ऐकू येते. रात्री अकराला तुमची शिट्टी वाजली तर तो माणूस तुमच्या दारात येऊन काही बोलणार नाही. घर बघणाऱ्या ऑफिसला फोन करील, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात अतिशय नम्र भाषेतली चिठ्ठी पडेल.

आईला व्हिडिओ कॉलवर कुकर दाखवला तेव्हा तिचा पहिला प्रश्न, ‘शिट्टी नाही तर त्याला कळतंय कसं गं भात झाला म्हणून?’ प्रश्न बरोबर आहे. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. पाणी तांदळात मुरलं की तळ झपकन तापतो, आणि खाली मधोमध जी स्प्रिंगवरची गोल चकती असते तिला ते कळतं. पहिला आपोआप बंद होणारा विजेचा कुकर तोशिबानं डिसेंबर १९५५ मध्ये बाजारात आणला, त्यात दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यातलं पाणी आटलं की धातूची पट्टी वाकायची आणि वीज तुटायची. आई म्हणाली, ‘मग आमचं वेळून ठेवायचं कामच गेलं की.’ गेलं, आणि पेजही गेली. मला पेजेची आठवण यायची, कुकरबद्दल माझी ही एक तक्रार कायमची आहे.

बटणांवर सगळं जपानीत असतं, पण लागतात चारच. सुइहान म्हणजे सुरू. हायादाकी म्हणजे घाईचा भात, जरा कोरडा होतो. ओकायु म्हणजे पातळ मऊभात, ताप आला की हाच. आणि योयाकु, टायमर. पार्टटाइम करणाऱ्यांसाठी कुकरचे अर्धे पैसे या एका बटणाचे आहेत. त्यात कुकर कधी सुरू व्हावा ते लावायचं नसतं, भात कधी तयार हवा ती वेळ लावायची असते. मी कोंबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, रात्रपाळीहून सकाळी परतायची तेव्हा झाकणातून वाफ निघत असायची. उन्हाळ्यात मात्र जपून. ऑगस्टमधला तिथला उकाडा आपल्या मे महिन्याला लाजवतो, रात्रभर भिजलेला तांदूळ आंबूस होतो.

होओन, म्हणजे भात गरम ठेवण्याची सोय, हिला मी पाचात दोन गुण देते. सकाळचा भात रात्रीपर्यंत पिवळट पडतो आणि वास धरतो. जपानी मुली करतात ते करा, भात गरम असतानाच एकेका जेवणापुरता प्लास्टिकच्या पातळ कागदात बांधायचा आणि फ्रीझरमध्ये टाकायचा. मायक्रोवेव्हमधून काढला की ताज्यासारखा.

भात वाया घालवायची ऐपतही नव्हती म्हणा. २०२५ च्या वसंतात तिकडं पाच किलो तांदूळ ४,००० येनच्या वर गेला, आदल्या वर्षीच्या दुप्पट. सरकारला राखीव साठा बाहेर काढावा लागला. साइतामात तेव्हा किमान मजुरी ताशी १,०७८ येन, आणि विद्यार्थ्याला शाळा चालू असताना आठवड्याला २८ तासच काम करता येतं. त्यातले जवळजवळ चार तास एका पिशवीत गेले. भातपिकाच्या गावची मी, आणि तांदळाच्या पिशवीपुढं उभी राहून नूडल्सचा भाव बघायची! आजीनं घरच्या बासमतीची पुरचुंडी बांधून ठेवली होती. पण तांदूळ, कडधान्य न्यायचं तर रोगकीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणून ती येळ्ळूरातच राहिली.

आता खिचडी. मुगाची होते, आणि चांगली होते. डाळ अर्धा तास भिजवा, पाणी भाताच्या रेघेपेक्षा बोटभर जास्त, आणि भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, नाहीतर फेस वाफेच्या भोकातून बाहेर येऊन सगळा ओटा माखतो. माहितीपुस्तकात डाळी घालू नका असंच लिहिलेलं असतं, तेव्हा जे कराल ते स्वतःच्या जबाबदारीवर. फोडणी वेगळी करून वरून ओता. तूरडाळ विसरा. दाब नसल्यामुळं दोनदा लावली तरी दाताखाली येते. आमटीसाठी मी मसूरच वापरायची. हळदीनं पांढरा उलथणा कायमचा पिवळा झाला, आणि आतल्या झाकणाच्या रबराला हिंगाचा वास इतका बसला की माझ्या व्हिएतनामी रूममेटनं साधा भात लावला तरी तो बेळगावचाच लागायचा. तिची तक्रार नव्हती.

वीज १०० व्होल्टची. आमच्या खोलीला २० अँपिअरचा ब्रेकर होता, म्हणजे सगळं मिळून २,००० वॅट. कुकर, हीटर आणि केस वाळवायचं यंत्र एकदम लावलं की अंधार.

त्यामुळंच, ‘येताना आम्हाला एक आण की’ म्हणणाऱ्या काकू-मावश्यांना नाही म्हणा. आपल्याकडं २३० व्होल्ट. तापणारी तार तेवढ्यावर पाचपट वीज ओढते. आमच्या शेजारच्या गावात एकानं थेट लावला होता, भात शिजायच्या आधी धूर निघाला. ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो कुकरपेक्षा जड, आणि त्या दोघांच्या पैशात बेळगावच्या गणपत गल्लीत आपल्या विजेवर चालणारा मिळेल.

परत येताना मी माझा बेळगावातल्याच अनगोळच्या एका नव्या मुलीला देऊन टाकला. परवा तिचा मेसेज होता, ‘अक्का, ओकायुच्या बटणावर पिठलं होतंय काय?’ होतं. पण गुठळ्या होतात, आणि वाफेचं भोक सुईनं साफ करावं लागतं. कढई घे म्हटलं, शंभर येनच्या दुकानात छोटी मिळते.