लीचेसवर आठ महिने: आप्पांचा डाव, पोरीची कोडी आणि फुकटातली मेख शोधताना

आधीच सांगतो, मी काय मोठा बुद्धिबळपटू नाही. बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपला आहे, घर वडगावात, आठवड्याआड सेकंड शिफ्ट. गेल्या जूनमध्ये, पाऊस असा लागलेला की चार दिवस गल्लीतनं बाहेर पडता आलं नाही, तेव्हा लीचेस ही ऑनलाइन बुद्धिबळ खेळायची फुकट साइट उघडली आणि आता आठ महिने रोज वापरतोय, मी, माझी सातवीतली पोरगी आणि आमचे आप्पा, वय ७४. तिघांचा वापर तीन तऱ्हेचा आहे म्हणून जरा लांब लिहितोय.

पहिल्या दिवशी मनात एकच होतं, फुकट आहे म्हणजे कुठंतरी मेख असणार. त्याला कारण आहे. २००४-०५ ला आरपीडीला कॉलेजला असताना आम्ही टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत पडीक असायचो, एका खुर्चीवर दोघं आणि मागं उभा एक, आणि पेज उघडायचो ते मिनीक्लिप, फुकट गेमची साइट. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांना लोड होताना सरकणारी ती पट्टी अजून आठवत असेल. रॉबर्ट स्मॉल आणि तिहान प्रेस्बी या दोघांनी २००१ मध्ये लंडनला थोडक्या भांडवलावर चालू केलेली ती कंपनी, सुरुवातीला अमेरिकेच्या अध्यक्षाला डिस्कोत नाचवायचा गेम काढला होता आणि लोकांनी तो एकमेकांना ईमेलनं पाठवून पाठवून जगभर नेला. गेम फुकट, पैसा जाहिरातीतनं. २०१० ला त्यांचा एट बॉल पूल आला, तो तर आमच्या इथल्या पोरांनी ज्यांनी आयुष्यात पूलचं टेबल बघितलं नव्हतं त्यांनीपण खेळला.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे पण तारखा बघितल्या की वाईट वाटतं. ते सगळे गेम फ्लॅशवर चालायचे, म्हणजे ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या अॅडोबी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर. आयफोनवर फ्लॅश कधी आलंच नाही, २०१७ ला अॅडोबीनं जाहीर केलं की आम्ही हे बंद करणार, ३१ डिसेंबर २०२० ला सपोर्ट संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरनं स्वतःच गेम चालवायचं बंद केलं. मिनीक्लिपमध्ये २०१५ ला चीनच्या टेन्सेंटनं मोठा हिस्सा घेतला आणि कंपनी फोनवरच्या गेमकडं वळली, चांगली मोठीपण झाली, २०२२ ला सबवे सर्फर्स बनवणारी सायबो कंपनी त्यांनी घेतली. मी त्यांना दोष देत नाही, धंदा आहे, पगार द्यायचे असतात. पण आम्ही ज्या पेजवर जायचो ते पेज तसं राहिलं नाही. क्लब पेंग्विन या पोरांच्या ऑनलाइन खेळाचं तेच, कॅनडातल्या तिघांनी २००५ ला काढलं, डिस्नेनं २००७ ला ३५ कोटी डॉलरला घेतलं आणि २०१७ च्या मार्चमध्ये बंद, पोरांचे पेंग्विन, त्यांची घरं, सगळं गेलं.

म्हणून मी लीचेसला लगेच भुललो नाही, आधी ते कोणाचं आहे ते शोधलं. थिबो ड्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरनं २०१० ला हे चालू केलं, आणि ही कंपनी नाहीच. फ्रान्समध्ये ना-नफा संस्था म्हणून नोंदणी आहे. नावातलं ली हे लिब्र, म्हणजे मोकळं, त्यावरनं. जाहिरात एकपण नाही, आठ महिन्यांत मला एकदापण दिसली नाही. प्रीमियम, गोल्ड, प्लॅटिनम असला प्रकार नाही. चालतं ते देणग्यांवर, आणि देणगी दिली तर काय मिळतं, तर नावासमोर एक छोटं पंखाचं चिन्ह, बस्स, खेळायच्या सोयी जेवढ्या मला तेवढ्याच त्याला. सर्व्हरला किती गेले, पगाराला किती गेले तो हिशोब कोणालाही बघता येईल असा उघडा ठेवलाय. आमच्या गल्लीतलं गणेशोत्सव मंडळ वर्गणीचा हिशोब फळ्यावर लावतं तशातलाच प्रकार, फक्त फळा जगभरातनं दिसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोड, म्हणजे साइट ज्या प्रोग्रामवर चालते तो, सगळ्यांना उघडा आहे. उद्या ही संस्था बंद जरी पडली तरी दुसरा कोणीतरी तोच कोड घेऊन चालू करू शकतो. २०१३ पासूनचे रेटिंगचे (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) सगळे डाव पण डाउनलोडला ठेवलेत, महिन्याला ९ कोटींच्या आसपास डाव होतात, कोणीही घ्या आणि काय पाहिजे ते करा. फ्लॅश गेलं तेव्हा आमचे गेम गेले कारण किल्ली एकाच माणसाच्या खिशात होती. इथं किल्ली खुंटीला टांगलीय.

आता वापराचं बोलतो.

माझ्याकडं जुना लॅपटॉप आहे, त्यावर दुसऱ्या साइटी उघडायच्या म्हटलं की पंखा विमानासारखा वाजतो. लीचेस त्यावर सुरळीत चालतं. खानापूरला सासुरवाडी, नंदगड रोडला पुढं गेलं की रेंज येतेजाते, तिथंपण मी फोनवर डाव पूर्ण केलेत कारण एका चालीला डेटा जातो तो अगदी नाममात्र. अकाउंट न काढतापण खेळता येतं. अकाउंट काढलं तर रेटिंग १५०० वरनं सुरू होतं आणि नवीन माणसाचं ते पहिल्या पंधरा-वीस डावांत धाडकन खाली येतं, माझं ११०० ला आलं. तेव्हा मला खरंच लागलं होतं मनाला, कोणी नवीन येणार असेल तर त्यानं हे आधीच लक्षात ठेवावं, ती घसरण म्हणजे फक्त तुमची खरी जागा शोधायचं काम चालू असतं. आता मी रॅपिडला, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या डावांना, १३८० च्या आसपास आहे.

डाव संपला की विश्लेषण. दुसऱ्या एका मोठ्या साइटवर मी आधी होतो, तिथं हे मोजूनमापून मिळायचं आणि पुढं पैसे भरा म्हणायचे. इथं एक बटण दाबायचं, अर्ध्या-एक मिनिटात आलेख येतो, कुठं डाव हातात होता आणि कुठल्या चालीला घसरला ते डोंगर-दरीसारखं दिसतं. हे काम स्टॉकफिश नावाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळाच्या चाली शोधणारा प्रोग्राम, करतं, तेपण फुकट आणि उघड्या कोडचं (नावाची गंमत अशी की मूळ इंजिन नॉर्वेच्या माणसाचं आणि त्यावर पुढचं काम इटलीच्या माणसानं केलं, तर नॉर्वेत पकडलेला मासा इटलीत शिजवला म्हणून स्टॉकफिश). पण मला खरं भारी वाटलं ते वेगळंच. एवढ्या डावांचं विश्लेषण करायला संगणक लागतात किती, तर त्यातले बरेच जगभरातल्या स्वयंसेवकांनी आपापल्या घरचे दिलेत. म्हणजे रात्री साडेबाराला शिफ्टवरनं येऊन मी हरलेला डाव तपासायला टाकतो तेव्हा कुठल्यातरी देशात कोणातरी अनोळखी माणसाच्या घरातलं मशीन माझा घोडा का मेला त्याचा विचार करत असतं.

त्यानंतर 'चुकांमधून शिका' म्हणून एक सोय आहे, तुमची चुकलेली चाल समोर ठेवून विचारतं, आता सांग काय खेळशील. माझं अर्ध्याहून जास्त शिकणं यातनंच झालं.

पोरगी डाव कमी खेळते, कोडी जास्त सोडवते. ४० लाखांहून जास्त कोडी आहेत, सगळी लोकांच्या खऱ्या डावांतनं काढलेली, रोज किती सोडवायची त्याला मर्यादा नाही. तिच्यासाठी किड मोड लावलाय, त्यात चॅट, मेसेज सगळं बंद होतं. आईबापांनी हे पहिल्यांदा करावं, सेटिंगमध्ये शोधायला दोन मिनिटं लागतात. शिक्षकांसाठी क्लास म्हणून एक भाग आहे, त्यात ईमेल न देता पोरांची खाती काढता येतात. गणपतीच्या सुट्टीत मी गल्लीतल्या नऊ पोरांची तशी खाती काढली आणि मंडपाच्या मागच्या खोलीत चार फोन आणि एक लॅपटॉप यावर स्पर्धा लावली. बक्षीस कुंद्याचा, आमच्याकडच्या मिठाईचा, डबा. पहिली आली ती शेजारच्या अक्कांची धाकटी, चौथीतली.

इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. भाषांच्या यादीत मराठी आहे आणि कन्नडपण आहे. भाषांतर स्वयंसेवक करतात, सगळं शंभर टक्के झालेलं नाही, मध्येच इंग्रजी शब्द येतो. पण आमच्या पोरीनं मराठी लावलं, समोरच्या घरातल्या पोरानं, ते घरी कन्नड बोलतात, कन्नड लावलं, आणि दोघं एकाच डावात समोरासमोर. तिला तिच्या अक्षरांत दिसतं, त्याला त्याच्या. पाटी कुठल्या भाषेत पाहिजे यावरनं आमच्या भागात काय काय होऊन गेलंय ते बेळगावच्या माणसाला सांगायला नको. त्या दिवशी मी चहा घेऊन नुसता बघत बसलो होतो दोघांकडं. पोरगा हरला, "इन्नोंदु आट" (अजून एक डाव) म्हणाला, आमची म्हणाली "चल की", आणि परत मांडलं.

नावडलेलं पण लिहितो. मराठी माणूस समोर मिळणं अवघड, बहुतेक वेळा बाहेरच्या देशातला कोणीतरी येतो, बोलणं काही होत नाही, नमस्काराला नमस्कार आला तर आला. रात्री एक मिनिटाचे बुलेट डाव खेळायची सवय मला लागली होती, ऑक्टोबरमध्ये दोन-दोन वाजायचे, सकाळी डोळे जळायचे, शेवटी ठरवून बंद केलं, आता दहा मिनिटांच्या खाली खेळत नाही. इंजिन लावून खेळणारे भेटतात, पण पकडला गेला की गेलेले गुण परत येतात, मला दोनदा आलेत. आणि लाईट गेली, वायफाय गेलं की घड्याळ थांबत नाही, समोरच्याला थोड्या वेळानं विजय मागता येतो. नियम बरोबर आहे पण पावसाळ्यात आमच्याकडं हे सारखं होतं, म्हणून मी जून ते सप्टेंबर मोबाईल डेटावरच खेळलो.

आता आप्पा.

आप्पांनी आयुष्यभर माग चालवला. बुद्धिबळ त्यांचं देशी पद्धतीचं, प्यादं पहिल्या चालीलापण एकच घर, राजाला एकदा घोड्याची चाल, आणि प्यादं ज्या घरात पोचेल तिथलं मोहरं होणार, उंटाच्या घरात पोचलं तर उंटच. त्यांच्याबरोबर खेळायला तात्या, मागावरचेच सोबती. तात्या पोराकडं गडहिंग्लजला गेले त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. सुरुवातीला दोघं पोस्टकार्डावर चाल लिहून पाठवायचे, एक डाव दीड वर्ष चालला होता, आई म्हणायची कार्डाच्या पैशात दुसरा पट आला असता. मग कार्डं थांबली, फोनवर तब्येतीचं बोलणं तेवढं राहिलं.

लीचेसवर पत्रव्यवहाराचा डाव म्हणून प्रकार आहे, एका चालीला १ दिवसापासून १४ दिवसांपर्यंत वेळ ठेवता येतो. मला ते दिसलं आणि मी तात्यांच्या नातवाला फोन केला. तीन दिवसांचं घड्याळ लावलं. अडचण पहिल्या चालीलाच आली, देशी नियम तिथं नाहीत. आप्पा दोन दिवस रुसले, "असं कुठं खेळ असतो व्हय", मग तात्यांनीच फोन करून समजावलं की अरे प्यादं दोन घरं जाऊ दे, आपण काय आता स्पर्धेला जातोय. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायचं, शिकायला आप्पांना आठवडा लागला आणि आता त्यांना तीच चाल सगळ्यात आवडते.

म्हाताऱ्या माणसांसाठी दोन सेटिंग मुद्दाम सांगतो. एक, चाल पक्की करायची विचारणा. आप्पांचं बोट थरथरतं, हत्ती एका घराऐवजी दुसऱ्यावर पडतो, हे चालू असलं की चाल जाण्याआधी विचारतं, परत बदलता येते. दोन, चालींच्या यादीत इंग्रजी अक्षरांऐवजी मोहऱ्यांची चित्रं दाखवता येतात, आप्पांना ते लगेच कळलं. पटाचा रंग आणि मोहऱ्यांचा प्रकारपण बदलता येतो, ठळक बघून लावून दिला. चुकून चाल गेलीच तर समोरच्याकडं मागं घ्यायची परवानगी मागता येते. तात्यांनी दोनदा दिली, तिसऱ्यांदा दिली नाही आणि फोन करून सांगितलं, "वजीर मी सोडणार न्हाई."

पहिला डाव तात्यांनी जिंकला, ऑगस्ट ते नोव्हेंबर. मी त्याचं विश्लेषण काढून आप्पांना आलेख दाखवला, सव्विसाव्या चालीला डाव गेला होता. आप्पा बराच वेळ बघत होते, मग म्हणाले मला त्या दिवशीच कळलं होतं.

मी डिसेंबरमध्ये देणगी दिली, कार्डावरनं पहिल्यांदा पैसे गेले नाहीत, परदेशी व्यवहार बंद होता तो बँकेच्या अॅपमध्ये चालू करावा लागला, मग गेले. नावासमोर पंख आले. आप्पांनी विचारलं हे काय, सांगितलं तर म्हणाले माझ्या नावानंपण दे, ते पुढच्या पगाराला देणार आहे.

दुसरा डाव एकतिसाव्या चालीला आहे. आप्पांचं एक प्यादं जास्त, पण तात्यांचे दोन्ही हत्ती एका रांगेत आलेत. चाल तात्यांची, एक दिवस सोळा तास शिल्लक दाखवतंय. सकाळपासून आप्पांनी तीनदा विचारलं, आली काय रे.