499 ची सनस्क्रीन, अख्खी ट्यूब संपवून लिहितेय

एप्रिलमध्ये घेतली, 50 ग्रॅमची, एसपीएफ 50 (त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपासून बचावाचा आकडा), पीए चार प्लसवाली (यूव्हीए किरणांपासून बचाव, जितके प्लस तितका जास्त). माझं काम फिरतीचं, बोरिवली ते लोअर परळ दुकानं करायची, त्यामुळे घड्याळाच्या पट्ट्याखालचा हात माझा आणि बाकीचा कुणा दुसरीचाच वाटावा इतका रापलेला. तर, वास नाही, चिपचिप कमी, आणि लावल्यावर पांढुरकं दिसत नाही हे महत्त्वाचं, कारण आधीची झिंकवाली लावली की आई म्हणायची अगं गिरणीतून आलीस का. घामाने मात्र डोळ्यांत उतरते आणि जाम चुरचुरते, दादरच्या जिन्यावर डोळे चोळत उभी होते एकदा.

आता खरी गोष्ट. सगळेच वाटाण्याएवढी लावतात, मीपण लावायचे. पण पाकिटावरचा आकडा मिळवायला चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर भरून घ्यायला लागते, आणि उन्हात असलो तर दर दोन तासांनी परत. तसं लावलं तर ट्यूब 24 दिवसांत खल्लास! हात तर यात धरलेच नाहीयेत. हातांना शेवटी फूटपाथवरून सुती बाह्या घेतल्या, दीडशेला जोडी, त्या पुसून जात नाहीत की संपत नाहीत.

आणि 50 च हवी असा हट्ट नको. एसपीएफ 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी अडवते, 50 वाली 98, म्हणजे फरक एका टक्क्याचा आणि पैसे बघा. पीए बघून घ्या पण, कारण काळवंडणं जास्त यूव्हीएने होतं आणि ते साध्या काचेतूनही येतं, एसी लोकलमध्ये पूर्वेकडची खिडकी पकडून मी वर्षभर निवांत बसले होते, आता कळतंय डावा गालच का जास्त काळा. ढगांतूनही येतं, त्यामुळे जूनमध्ये बंद नाही करणार. तसंही मे मध्याला आणि जुलैअखेरीस दुपारी साडेबाराच्या पुढेमागे सूर्य मुंबईच्या बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखालीच.

जुनं टॅन गेलं का? नाही. नवीन चढलं नाही, एवढंच, आणि तेवढंच तिचं काम आहे.

चार स्टार. एक कापला तो झाकणाचा, बॅगेत आपोआप उघडतं, ऑर्डरबुकाची तीन पानं तेलकट झालीयेत.