पेनरिथ पँथर्स, हंगाम 2025: वर्षभराच्या मेंबरशिपनंतरचा अनुभव

वेस्टर्न सिडनीत राहतो, म्हणून यंदा पँथर्सची, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीग स्पर्धेतल्या (NRL) पेनरिथच्या क्लबची, सीझन मेंबरशिप घेतली. पुढच्या वर्षी कुणाला घ्यायची असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

2021 ते 2024 अशी सलग चार विजेतेपदं जिंकलेला हा संघ. पण जेरोम लुआई आणि जेम्स फिशर-हॅरिस 2024 नंतर दुसऱ्या क्लबांकडे गेले. त्यात पेनरिथच्या स्टेडियमचं काम निघालं आणि घरचे बहुतेक सामने पॅरामॅटाच्या कॉमबँक स्टेडियमवर आले. आमची मोठी सोय झाली, स्टेशनवरून चालत जाता येतं. पण ते मैदान पॅरामॅटा ईल्स या क्लबचं, शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचं. पेनरिथचे जुने चाहते नाराज होते आणि मला त्यांचं पटतं.

आता निकाल. लास वेगासमध्ये क्रोनुलाला 28-22 हरवून झोकात सुरुवात, लगेच सलग पाच पराभव. मे महिन्यात बॅथर्स्टला न्यूकॅसलने 25-6 असं लोळवलं आणि चार वर्षांचे विजेते 17 संघांत तळाला गेले. ‘संपले पँथर्स’ हे तेव्हा सगळीकडे ऐकू येत होतं.

नवीन माणसाने एक गोष्ट इथेच समजून घ्यावी. मे ते जुलैमधला गुणतक्ता जसाच्या तसा वाचू नये. न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड ही स्टेट ऑफ ओरिजिनची मालिका तेव्हा असते आणि क्लबचे सामनेही चालूच राहतात. बॅथर्स्टला नेथन क्लिअरी, आयझेया यो, ब्रायन टोओ, डिलन एडवर्ड्स हे आपले सगळे राज्याच्या संघात गेल्यामुळे खेळले नाहीत. म्हणजे ज्या क्लबकडे चांगले खेळाडू जास्त, त्याच क्लबला फटका जास्त. शिवाय ‘बाय’ असलेल्या आठवड्यात न खेळता 2 गुण मिळतात, जिंकल्यावर मिळतात तेवढेच. कुणाच्या किती बाय झाल्या हे पाहिल्याशिवाय सहावा कोण आणि सोळावा कोण याला फारसा अर्थ नसतो.

पुढे काय झालं? सलग नऊ विजय! हिवाळ्यातल्या त्या रात्री, थंडीत कुडकुडत बसूनही, पूर्ण पैसे वसूल झाले. प्रशिक्षक इव्हान क्लिअरींच्या संघाचा बचाव टीव्हीवर कळत नाही. स्टँडमधून बघितलं की दिसतं, टॅकल झाल्याबरोबर अख्खी रांग एकदम मागे जाते आणि एकदम पुढे येते, सहाच्या सहा टॅकलला (चेंडू असलेल्या संघाला एका वेळी तेवढेच टॅकल मिळतात). कबड्डीतली साखळी आठवते.

सातव्या क्रमांकावरून फायनल्समध्ये, म्हणजे पहिल्या आठ संघांच्या बाद फेऱ्यांमध्ये, शिरले. ऑकलंडला जाऊन वॉरियर्सना 24-8, मग बुलडॉग्जना 46-26. प्रिलिमिनरी फायनलला (उपांत्य सामन्याला) ब्रिस्बेनमध्ये ब्रॉंकोजविरुद्ध मध्यंतराला 14-0 आघाडी होती, आणि तिथून 16-14 ने हरले. फार लागलं ते. ब्रॉंकोजनी पुढच्या आठवड्यात मेलबर्नला 26-22 हरवून किताब घेतला, म्हणजे अखेरच्या विजेत्यांकडून आपण दोन गुणांनी गेलो. सलग पाचवं विजेतेपद हातात होतं असं मी आजही ठामपणे म्हणेन.

मेंबरशिप चालू ठेवतोय. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी पूर्ण हंगामाची जमत नसेल तर ओरिजिन संपल्यानंतरचे सामने निवडावेत, आणि जाड जॅकेट न्यावं.